धामणीची अंडी उबवताना

उन्हाळ्यात मुंबईतल्या एखाद्या सोसायटीतून पकडलेली धामण कधी कधी अंड्यावर आलेली मादी निघते आणि तिला जंगलात सोडण्याआधीच ती पिशवीत अंडी घालते. ही अंडी रानात कुठेतरी पुरून येण्यापेक्षा वनविभागाकडे नोंद करून, त्यांच्या परवानगीने उबवणे मला अधिक योग्य वाटते, कारण मादी ज्या बिळाची निवड करते तिथली ऊब आणि ओल आपण खणलेल्या खड्ड्यात मिळेलच असे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण दिलेले असल्यामुळे परवानगीवाचून अंडी घरी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

कोंबडी आपली अंडी सतत फिरवते. सापाच्या अंड्याला मात्र ते घातक ठरते. अंडे घातल्यानंतर थोड्याच वेळात गर्भ आतून वरच्या बाजूला स्थिरावतो, आणि त्यानंतर अंडे उलटले तर तो दगावू शकतो. म्हणून अंडे जसे सापडेल तसेच उचलावे आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक फुली मारावी. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यांचे कवच चामट असते आणि ओढाताणीत ते सहज फाटते.

28 ते 30 अंश तापमान पुरेसे असते आणि मुंबईच्या हवेत ते सांभाळणे फारसे अवघड नाही. खरी परीक्षा ओलाव्याची असते. अंडी ज्या डब्यात ठेवतात त्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, अंथरलेला असतो. हे कोकोपीट मुठीत घट्ट दाबले असता त्यातून पाणी ठिबकू नये, मात्र मूठ उघडल्यावर त्याचा गोळा टिकावा. पावसाळ्यात डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटते. ते अंड्यांवर टपकू नये म्हणून झाकण वरचेवर पुसावे लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत अंड्याला खळगा पडला तर कोकोपीट कोरडे पडले आहे असे समजावे. तोच खळगा पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास पडला तर तो स्वाभाविक असतो. एखाद्या अंड्याला बुरशी आली, तरी त्याला चिकटलेली बाकीची अंडी बहुधा तगतात.

साधारण दोन महिन्यांनी कवचावर एक बारीक, सरळ चीर दिसते. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाशी असलेल्या अंडदाताने ती पडते, आणि हा दात पुढे काही दिवसांत गळून जातो. चिरेतून चिकट द्रव पाझरतो, मग नाकाडाचे टोक बाहेर येते. झाकण उघडताच ते पुन्हा आत जाते. या अवस्थेत पिल्लू एखादा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ, तसेच बसून राहते, आणि नेमक्या याच वेळी अनेकांचा धीर सुटतो. कात्रीने चीर मोठी करून देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण पिल्लाच्या पोटात उरलेला बलक अजून शोषला जात असतो, म्हणून ही मदत त्याच्या जिवावर बेतू शकते. ते आपण होऊन बाहेर येईपर्यंत हात लावू नये.

बाहेर आलेले पिल्लू फूटभराहून लांब असते आणि पहिल्या दिवसापासून स्वतःची काळजी स्वतः घेते. शोषलेल्या बलकावर त्याचे पहिले काही दिवस निभावतात, त्यामुळे त्याला भरवण्याची घाई नको. पावसाळ्यात लहान बेडकांची वाण नसते. वनविभागाच्या देखरेखीखाली पिल्लांना पाणथळ, झाडोरा असलेल्या जागी लवकर सोडावे.