त्यात काय सांगायचं

बुधवार, रात्री दीड

पंखा एकवर चालू आहे. डिसेंबरात. पलीकडून दोन गोधड्यांखालून उसासे येतायत, पण बंद कर म्हणायची कुणाची छाती होत नाही. सात आठवड्यांत एवढी एक कमाई.

संध्याकाळी आबांना फोन केला होता. रोजचाच. जेवलात का, गोळी घेतली का, दादा येऊन गेला का. मग गाडी माझ्या कानावर आली, हल्ली ती येतेच. डाव्या कानात, बारीक, उंच, पूर्वी टीव्हीवरचे कार्यक्रम संपले तरी डबा चालू राहिला की यायची तशी शिट्टी. आंघोळ करताना काय ती दहा मिनिटं सुटका. मी आपली सांगत सुटले होते आणि आबा मध्येच म्हणाले, "रातकिड्यागत न्हवं? हाय की मला. खात्यात होतो तवापास्नं."

मी गप्पच झाले. मग म्हटलं, "कधी बोलला नाहीत ते?"

"त्यात काय सांगायचं?" म्हणाले, आणि पाणी एक दिवसाआड येतं यावर गेले.

तेव्हापासून हेच घोळतंय. मी इतक्या वेळा इचलकरंजीला गेले, आठ-आठ दिवस राहिले, एका खोलीत झोपलो. कधीच नाही? आईला तरी माहीत होतं का? तिला असेल. तिला सगळंच... जाऊ दे.

लहानपणी डबा घेऊन जायची मी खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यावर. दारातून आत पाय टाकला की आवाज कानात नाही, छातीत बसायचा. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, खाट खाट खाट, आणि असे चोवीस माग एका पत्र्याखाली. बोलायचं नाहीच, सगळं हातवारे आणि ओठ. आबा दोन बोटं वर करून कोपरा दाखवायचे, म्हणजे डबा तिथे ठेव आणि पळ. काहीजण कानात कापसाचे बोळे घालायचे. आबा घालत नसत. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, तो कळायला हवा, म्हणायचे. एवढ्या कल्लोळात त्यांना एका मागाचा बदललेला आवाज कळायचा, याचं तेव्हा मला फार कौतुक होतं. शाळेत सांगायची मी. आज सातव्या आठवड्यात बसून वाचते तर कारखान्यात 90 डेसिबलला आठ तास ही मर्यादा. खात्यात आवाज त्याच्या वर आणि पाळी बारा तासांची. कोण मोजायला आलं होतं म्हणा.

आणि मी? मी काय केलं, तर कानात हेडफोन घालून मीटिंगा.

कान-नाक-घसावाल्यांकडे गेले तो दिवस आठवतो. आधी मळ काढू म्हणाले. मळ निघाला, शिट्टी राहिली. मग त्या कपाटाएवढ्या खोलीत बसवलं. काच, जाड दार, हातात बटण. आवाज आला की दाबा. सूर 250 हर्ट्झपासून सुरू, शेवट 8000. खालचे सूर ठीक गेले. वर वर जायला लागलं तसं मला कळेना की वाजतंय ते त्यांचं मशीन की माझं. दोनदा उगीच दाबलं. एकदा नक्की वाजलं तेव्हा दाबलं नाही. काचेपलीकडची मुलगी मान हलवत होती आणि मला दहावीच्या तोंडी परीक्षेसारखं रडू आलं. कागदावर 4000 ला रेघ जराशी खाली घसरलेली. जराशीच. डॉक्टर म्हणाले, आतल्या केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की उगवत नाहीत, मग तिकडून येणं कमी झालं की मेंदू आपणच आवाज वाढवून बघतो. नवीन आहे, बऱ्याच जणांचं कमी होतं, नाही झालं तर मेंदू त्याकडे बघेनासा होतो. एकदम शांततेत बसू नका, मागे काहीतरी बारीक चालू ठेवा, कानात काही घालू नका.

यात शेजारच्या काकूंचं लसणाचं तेलही आलं. त्या अजून रागावलेल्या आहेत.

कमी झालंय का? झालंय. लिहायला लाज वाटते, पण झालंय. पहिल्या पंधरवड्यात मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायची. आता दोन-दोन तास आठवण नसते. परवा मेथी निवडताना अख्खी जुडी संपेपर्यंत तो नव्हता. मग लक्षात आलं की नव्हता, आणि आला. आठवण काढल्याबरोबर येणारा पाहुणा असा आमच्याकडे दुसरा कोणी नाही.

पण या सात आठवड्यांत मी कुणाकुणाला सांगितलं याची यादी केली तर वही पुरायची नाही. ऑफिसात सांगितलं. रिक्षावाल्याला सांगितलं, तो दर खड्ड्याला मागे वळून चौकशी करायचा. आणि ते तिकडे टीव्ही अडतीसवर ठेवून बसलेत, मी गेले की पहिलं रिमोट घेऊन अठरा करते. "आबा, किती मोठा! शेजारी काय म्हणतील?" दिवाळीत केलं. त्याआधी गणपतीत. ते काही बोलत नाहीत, मी स्वयंपाकघरात गेले की दोन-दोन करून वाढवतात. मला वाटायचं हट्ट. ऐकू कमी येतं हेही कळत होतं, पण हे दुसरं...

सांगायला काय झालं होतं? मी काय करणार होते, हा प्रश्न वेगळा.

साडेदहाला राहवलं नाही, परत फोन लावला. इतक्या उशिरा फोन म्हणून आधी घाबरले. मागे बातम्या ओरडत होत्या.

म्हटलं, "आबा, आत्ता येतोय का तो?"

"कोण?"

"रातकिडा."

"थांब." टीव्ही बंद केल्याचं कळलं. मग काहीच नाही. मीही इकडे श्वास धरून. माझा आपला चालूच होता, किर्र.

"व्हय, येतोय की," आबा म्हणाले. मग जरा वेळाने, "तुझा?"

"येतोय."

"कशाला आठवण काढलीस लेकी. आता मला झोपंस्तोवर सोडायचा न्हाई त्यो."

टीव्ही परत लावला. बहुतेक चाळीसवर. मी काही बोलले नाही.