एवढ्या लहान मुलांना हे कळते का?

एवढ्या लहान मुलांना हवामान बदल आणि आदिवासी संस्कृती शिकवून काय साधते, असे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते हे कळले, की नातेवाईक असोत वा एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई, प्रश्न ठरलेले असतात: एवढ्या लहान मुलांना हवामान बदल कळतो का, आणि आदिवासी संस्कृतीचा धडा आदिवासींच्याच मुलांना शिकवून काय साधते? पहिल्या प्रश्नाला मी लगेच ‘कळतो’ म्हणते. दुसऱ्याचे उत्तर सापडायला मात्र मला काही वर्षे लागली.

मी मूळची बीड जिल्ह्यातील पाटोद्याकडची. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या त्या माळावर आम्ही भूगोल टँकरच्या रांगेत शिकलो. बदली होऊन इकडे आले तेव्हा सागाचे रान, मोहाची झाडे आणि पैनगंगा पाहून हाही मराठवाडाच आहे यावर माझा विश्वास बसेना. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आपल्याकडे जिल्हावार आहे, ही मोठी सोय. पण मूल जिल्ह्यापासून सुरू होत नाही, ते आपल्या दारापासून सुरू होते. म्हणून मी पहिला नकाशा वर्गाच्या फरशीवर खडूने काढून घेते आणि एकच विचारते: शाळेच्या पत्र्यावर पडलेले पाणी कुठे जाते? ओढ्यातून पैनगंगेत, तिथून वर्धेत, पुढे प्राणहितेत आणि सिरोंचाजवळ गोदावरीत, असे बोट फिरत जाते. माझ्या माहेरचे पाणी सिंदफणेतून गोदावरीत येते आणि त्याच संगमापाशी मुलांच्या ओढ्याच्या पाण्याला भेटते, हे सांगितले की वर्गात एकदम गलका होतो. नद्यांची नावे त्यानंतर पाठ करून घ्यावी लागत नाहीत.

हवामान बदलाकडे मी बाटलीतून जाते. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली कापायची, तिचे तोंड उलटे करून फनेल बसवायचे, तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने सपाट करायचा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची, की झाले पर्जन्यमापक. रोज सकाळी आठ वाजता नोंद होते आणि वहीत तारखेशेजारी नक्षत्रही लिहिले जाते, कारण घरी आजोबा मृग, आर्द्रा, हस्त याच भाषेत पावसाबद्दल बोलतात. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हा आकडा मुलांना माझ्याआधी ठाऊक असतो. पंचनामा हा शब्द त्यांनी गणितातल्या कोणत्याही शब्दाआधी ऐकलेला असतो. एका वर्षाच्या वहीवरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही, त्यासाठी ३० वर्षांची सरासरी लागते, हेही मी बजावून सांगते. ही सावधगिरी शिकवणे मला बदल शिकवण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

मग कारण. हवेच्या एक लाख कणांत पूर्वी कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८ कण होते, आता ४२ हून अधिक आहेत. ज्वारीचे दाणे मोजून हे दाखवता येते. पृथ्वीवर जणू गोधडीचा आणखी एक पदर पडला आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, म्हणून पाऊस अडून बसतो आणि येतो तेव्हा कोसळतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याचा अर्थ चौथीतल्या मुलाला समजावून द्यावा लागत नाही: वाफसा होत नाही म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकत नाही, रान पाण्याने चिभडते, सोयाबीन जागेवर सडते. उलट पाऊस अडून बसला तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “बाई, आपल्या वस्तीत एकाकडेही गाडी नाही, मग गोधडी जाड केली कुणी?” मी खरे तेच सांगितले: कोळसा, पेट्रोल ज्यांनी भरमसाट जाळले त्यांनी. झाडे तोडू नका असे सांगणाऱ्या तक्त्यावर कुऱ्हाड घेतलेला जो माणूस असतो, तो यांच्या बापासारखा काढलेला असतो. तो तक्ता मी भिंतीवरून काढून ठेवला आहे.

आता दुसरा प्रश्न. माझ्या वर्गात गोंड, कोलाम आणि आंध अशी तिन्ही समाजांची मुले आहेत. गोंडी आणि कोलामी या तेलुगूप्रमाणे द्रविड कुळातल्या भाषा आहेत, तर आंध मुलांची घरची बोली मराठीच. तेव्हा ‘आदिवासी भाषा’ असे एकवचनी बोलणेच मुळात चूक. मी त्याहून मोठी चूक केली. पहिल्या वर्षी ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला मी मुलांना कागदी मोरपिसांचे टोप घालून नाचवले. दुसऱ्या दिवशी एका गोंड मुलाचे आजोबा शाळेत आले. ते रागावले नव्हते. दिवाळीच्या सुमारास दंडारी या गोंडांच्या नाचाच्या सणात गुसाडी, म्हणजे नाचणारा, तो टोप घालतो, त्याचे नेम असतात आणि एरवी तो देवासारखा जपून ठेवायचा असतो, एवढे सांगून ते म्हणाले, “बाई, तुमच्या देव्हाऱ्यातला टाक तुम्ही पोरांना खेळायला देता का?”

मी त्यांना वर्गात बोलावले, पण नाचाबद्दल बोलायला नाही. मोहाची फुले किती वाजता गळतात, ती गोळा केल्यावर किती दिवस वाळवतात आणि त्याच वेळी अवकाळी पाऊस आला तर काय होते, हे ते तासभर सांगत राहिले. त्यांच्या सांगण्यातले गोंडी शब्द त्यांचा नातू मला मराठीत करून देत होता. एरवी वाचनात मागे पडणारा तो मुलगा त्या तासाला माझा दुभाषी होता. पाण्याला गोंडीत ‘एर’ म्हणतात, हे मी त्याच्याकडून शिकले आणि पर्जन्यमापकावर तेव्हापासून दोन्ही शब्द लिहिलेले आहेत.

मुले घाबरत नाहीत का, असेही तुम्ही विचारता. २०२५ च्या पावसाळ्यात एका सकाळी बाटली काठोकाठ भरून वाहिली होती. नोंदीची पाळी त्याच मुलाची होती. त्याने वहीत लिहिले: “बाटली भरली. पुढचा पाऊस मोजता आला नाही.” मग त्याने मला अधिक उंच बाटली आणायला सांगितले.