आमची वाटचाल : त्या ११ मिनिटांनंतर

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली आणि आठवड्याभरात आमच्या वहीतली एकूण एक तारीख खोडली गेली. तोवर आम्ही परिषदांना माइक, प्रोजेक्टर, कॅमेरे पुरवायचो. भागीदार ध्वनीचा माणूस, मी कॅमेऱ्याचा. माल गोदामात पडून आणि हप्ते चालू. भागीदारानं रात्री जागून ओबीएस, म्हणजे संगणकावरून थेट प्रक्षेपण करायचं सॉफ्टवेअर, शिकून घेतलं. मी चार एचडीएमआय इनपुटचा एक एटीईएम मिनी, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचा स्विचर, मिळवला. त्या दिवसांत तो मिळवायला किती फोन करावे लागले, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. त्यावर एका व्यावसायिक संघटनेच्या कार्यकारिणीची बैठक ऑनलाइन करून दिली, आणि तिथून सभांच्या थेट प्रक्षेपणाचं हे काम सुरू झालं. तो स्विचर अजून टेबलावर आहे. त्याच्या दोन नंबरच्या बटणावरचा आकडा घासून गेलाय, कारण वक्त्याचा कॅमेरा आम्ही कायम दोनवरच लावतो.

झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये रोज साधारण १ कोटी सहभागी असायचे, एप्रिल २०२० मध्ये ३० कोटी झाले. बटण प्रत्येकाच्या हाती आलं आणि लिंक पाठवली की कार्यक्रम झाला, असं सगळे धरून चालले. आमच्याकडे रनशीट बनायची. मिनिटामिनिटाचा हिशेब, कुणाचा माइक उघडा, कोणती स्लाइड, आणि शेवटी एक रकाना, ‘श्वास’. हा शब्द भागीदाराचा. वेबपेजवरून पाहणाऱ्याला चित्र पंधरा ते तीस सेकंद उशिरा दिसतं. अध्यक्ष म्हणाले ‘मतदान बंद’ आणि तुम्ही लगेच पोल बंद केला, तर कित्येकांच्या कानावर ते वाक्य पोचलेलंच नसतं. तिथे किती थांबायचं, ते त्या रकान्यात.

हा रकाना मी पुढे दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये पाहिला. दोन वर्षं आमच्याकडे फ्रीलान्स काम केलेल्या एकानं स्वतःची कंपनी काढली, आमच्या ग्राहकांना निम्म्या दरात प्रस्ताव पाठवले आणि नमुना म्हणून जोडलेली रनशीट आमची होती. रंग तेच, क्रम तोच, शेवटी ‘श्वास’. स्पर्धेचं मला काही वाटत नाही. पण तो शब्द आमच्या टेबलावर जन्मला होता, आणि हे मी अजून विसरलेलो नाही.

त्यातच २०२२ ची ती वार्षिक सभा आली. एक सभासद हिशेबाबद्दल टोकदार प्रश्न विचारत होता आणि मध्येच ओबीएसच्या खालच्या पट्टीतला हिरवा चौकोन लाल झाला. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला बाहेर जाणारा डेटा, शून्य. आमच्याकडे दोन कंपन्यांच्या दोन फायबर लाइन होत्या आणि त्या जोरावर आम्ही निर्धास्त होतो. दोन्ही एकाच चरातून येत होत्या. बाहेर खोदकाम करणाऱ्या यंत्रानं एका फटक्यात दोन्ही तोडल्या. फोनच्या हॉटस्पॉटवर जायचं, सहाच्या सहा यंत्रं एकेक करून जोडायची, बिटरेट ६००० वरून २५०० वर आणायचा, यात ११ मिनिटं गेली. तेवढ्यात प्रश्न नकोसा झाला म्हणून मुद्दाम तोडलं, अशी सभासदांत बोलवा झाली. गोठलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी आमच्या तीन ग्राहकांकडे पोचला. कुणी पाठवला ते मला माहीत आहे. तिघंही गेले. सभागृहं उघडली होतीच, नवी कामं येईनात. आम्ही दोन कॅमेरे विकले आणि भागीदारानं सहा महिने पगार घेतला नाही.

ज्यांची सभा तुटली, त्या संघटनेच्या सचिवांचा फोन मात्र सकाळीच आला होता. “आधी सांगा, नेमकं काय तुटलं?” मी चराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “हेच लेखी द्या, मी सभासदांना पाठवतो. आणि पुढच्या सभेची तारीख लिहून घ्या.” मी दोन पानी पत्र दिलं. त्यात सबब एकही नव्हती. त्यांनी ते एक शब्द न गाळता सगळ्यांना पाठवलं.

नव्यानं या कामात येणाऱ्यांनी लाइन घेताना कंपनीचं नाव बघत बसू नये, तार इमारतीत कुठून शिरते ते खाली उतरून डोळ्यांनी बघावं. तिसरी वाट मोबाइल डेटाची, आणि ती रंगीत तालमीत चालवून बघायची. प्रक्षेपण पाठवायला यूट्यूब मुख्य पत्त्यासोबत बॅकअपचा पत्ताही देतं, तो रिकामा सोडू नका. आम्ही मिक्सिंग, म्हणजे चित्र-आवाज जुळवायचं काम, क्लाउडमधल्या मशीनवर नेलं. आता आमच्याकडची लाइन पडली तरी प्रेक्षकाला ‘थोड्याच वेळात’ची पाटी दिसते, काळा पडदा दिसत नाही. वक्त्याला वायरचा हेडसेट आधी कुरियरनं पाठवा, कारण चित्र अडखळलं तर लोक थांबतात, आवाज फाटला की उठून जातात. आणि चॅट सांभाळणारा माणूस वेगळा हवा. स्विचर चालवणाऱ्याला चॅट वाचायला लावणाऱ्यांचं काम मी एका मिनिटात ओळखतो.

मधल्या वर्षांत कामं होत राहिली. गेलेल्या तिघांपैकी दोन परत आले.

सचिव साहेब आता निवृत्त झालेत. वार्षिक सभेला साधे सभासद म्हणून सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी लॉगिन करतात. आम्ही माइक तपासत असतो, तेव्हा चॅटमध्ये त्यांची पहिली ओळ येते : “आवाज स्पष्ट आहे.” भागीदार ती मोठ्यानं वाचतो, मग आम्ही रनशीटचं पहिलं पान उलटतो.