सध्याचा वापर : पडीक

दोन बाय दोन मीटरवर एक खड्डा, म्हणजे हेक्टरी अडीच हजार. 2010 चा मे संपत आला होता. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, सकाळी सातपासून मी चुन्याची पिशवी घेऊन ठिपके टाकत चाललो होतो. लागवड मोगली एरंडाची, कागदावर जट्रोफा. बियांच्या तेलाचं डिझेल होणार होतं. काही महिन्यांपूर्वीच केंद्राचं जैवइंधन धोरण आलं होतं: 2017 पर्यंत डिझेल-पेट्रोलमध्ये 20 टक्के जैवइंधन मिसळायचं, आणि पिकाऊ जमिनीला हात न लावता पडीक जमिनीवरच लावायचं. मला ते मनापासून पटलं होतं. लहानपणी कुंपणाच्या याच झाडाच्या चिकाचे आम्ही फुगे उडवलेले. आता त्यावर गाड्या पळणार, याची गंमतही वाटायची.

नवाच्या सुमाराला टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली. मी दुर्लक्ष केलं. गुरं घेऊन आलेले एक आजोबा लांबून हाका मारत होते, तेही आधी ऐकू आलं नाही.

"सायेब, हलू नका! पायाजवल बघा."

खाली बघितलं तर आधी काहीच दिसेना. मग दिसलं. जांभ्याच्या खळग्यात चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली, मातकट, वर काळपट डाग. खाली अंथरायला बारीक खडे आणि चार लेंड्या. माझा चुन्याचा ठिपका त्यांच्यापासून वीतभर.

"उंचवट्यावर घातल्यान. औंदा पाऊस दणकून," आजोबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढे गेले.

तो एक ठिपका मी पायाने पुसला. मुकादम हसला. "साहेब, अशानं हजार खड्डे व्हायचे नाहीत."

त्याचे गडी सुटे दगड उचलून गडगा रचत होते. गुरं आत येऊ नयेत म्हणून. (हे मला आजही कळत नाही. मोगली एरंडाला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो कुंपणाला लावतात.) पहारीने एक दगड उलटला आणि गडी मागे उडी मारून ओरडला. फुरसं. वेटोळं घालून, अंग अंगावर घासत खसखस आवाज करत होतं. शेजारच्या दगडाखाली बोटाएवढी पाल, काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे. उन्हात आल्यावर ती क्षणभर थिजली आणि मग सावली शोधत सैरावैरा पळाली. पण आसपासचे दगड तर सगळे गडग्यात गेलेले. मेच्या उन्हात कातळावर हात टेकवत नाही. तिचं पुढे काय झालं ते मी बघितलं नाही. जेवायची सुट्टी झाली होती.

ती पाल कोण, हे मला बऱ्याच वर्षांनी, सड्यावर अभ्यासाला आलेल्या एका मुलीने सांगितलं. हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. शास्त्रात तिची नोंद 1963 ची, तीही रत्नागिरी जिल्ह्यातलीच. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांबाहेर ती फारशी कुठे नाही, आणि राहते ती अशाच सुट्या दगडांखाली. म्हणजे आम्ही झाडं तोडली नव्हती, ओढा अडवला नव्हता; फक्त दगड गोळा केले होते.

लागवडीचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. रोपं गुडघाभर झाली आणि तिथेच थांबली. पाण्याशिवाय आणि मातीशिवाय तेलबी येत नाही, हे कुठल्याही शेतकऱ्याने फुकट सांगितलं असतं. चौथ्या वर्षी बी विकत घेणारे फिरकेनासे झाले. गडगा मात्र अजून उभा आहे. पावसाळ्यात त्याच्या बाहेर, जिथे पोचायला आम्हाला वेळ मिळाला नाही तिथे, सीतेची आसवं जांभळी पसरतात. आतल्या बाजूला चर आणि खडी.

आता बांबू आलाय. आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचं 2025 मध्ये उद्घाटन झालं, त्यामुळे इकडेही सगळ्यांना घाई. गेल्या महिन्यात पलीकडच्या सड्याचा फॉर्म माझ्याकडे आला. 'सध्याचा वापर' या रकान्यात मी लिहिलं: गुरचरण, टिटवी, फुरसं, पाल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन. "अहो, तिथे 'लागवडीखाली' नाहीतर 'पडीक' एवढंच चालतं. काय टाकू?"