ऐंशी रुपयांचा भाव

"लोकांकडून ऐंशी रुपयांना घेतलेली सीडी तुम्ही हजारांत विकता, मग योग्य भाव म्हणजे नेमके काय?" हा प्रश्न मला इतक्यांदा आणि अशा सुरात विचारला गेला आहे, की एकदाचे नीट उत्तर द्यावे म्हणतो.

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. मागायला कोणीही काहीही मागतो. तेच प्रेसिंग, म्हणजे सीडीची नेमकी तीच आवृत्ती, प्रत्यक्षात कितीला विकले गेले, हे मी डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-सीड्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर पाहतो आणि सर्वांत चढा आकडा सोडून मधला धरतो. 'तेच प्रेसिंग' ठरवण्यातच निम्मा वेळ जातो, कारण मुखपृष्ठ एकच असले तरी चकतीच्या मधल्या कड्यावरचा क्रमांक निराळा असू शकतो. डबी बदलता येते, पुस्तिका येत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत तिच्या पिना गंजतात. खालच्या बाजूचे ओरखडे पाहून गिऱ्हाईक दचकते. मला धास्ती छापील बाजूच्या ओरखड्यांची असते, कारण चकाकणारा थर तिथे लाखेच्या जेमतेम लेपाखाली असतो.

हे सगळे खरे आहे, पण तुम्ही विचारता ते हे नव्हे, याची मला कल्पना आहे.

काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान २०१६ साली बंद झाले, त्या वर्षी दादरच्या एका काकूंनी मला बोलावले. यजमानांना जाऊन वर्ष झाले होते आणि कपाटात ३४० सीड्या होत्या. "रद्दीवाला प्लास्टिक घेत नाही म्हणतो," त्या म्हणाल्या. मी सरसकट ऐंशी रुपये सांगितले. त्या लगेच हो म्हणाल्या. चहा येईपर्यंत मी चाळत बसलो, तेव्हा स्टुटगार्टच्या छंद धारा या कंपनीची सरोदवादनाची एक सीडी हाती लागली. ट्यूबलाइटखाली तिरपी धरली, तर कड्यावर 'वेस्ट जर्मनी' स्पष्ट वाचता आले, म्हणजे ती जर्मनीच्या १९९० मधील एकीकरणापूर्वीची होती. मी ती परत डबीत ठेवली आणि चहा छान झाल्याचे सांगितले.

दोन महिन्यांनी ती साडेसहा हजारांना गेली.

त्या वेळी मी स्वतःला बजावले होते, की उरलेल्यांतल्या दोनशे पन्नासांना कुत्रे विचारणार नाही, टेम्पोचे भाडे माझे, पारखही माझी आणि ती चाळीस वर्षांच्या ऐकण्यातून आलेली आहे. यातले एकही वाक्य मी आज मागे घेत नाही, कारण खोके खरोखरच अजून पलंगाखाली आहेत. मात्र पारखीचा मोबदला घेणे वेगळे आणि समोरच्याला पारख नाही म्हणून गप्प बसणे वेगळे, हे तेव्हाच्या मला पटवून द्यायला गेलो, तर तो विचारील, "मग काय, प्रत्येक डबी उघडून काकूंना शिकवणी द्यायची होती?" आणि त्यावर मला अजूनही धड उत्तर सुचत नाही.

शेवटी तीन हजार रुपये पाकिटात घालून मी दादरला गेलो. काकूंनी आढेवेढे न घेता नोटा मोजल्या आणि विचारले, "अशा अजून किती निघाल्या?"

निघाल्या होत्या चार. "बघून सांगतो," असे म्हणून मी जिना उतरलो.