ट्वीटर शाबूत निघाला

अनंत चतुर्दशीनंतरचे आठ-पंधरा दिवस आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात जळक्या कॉइलचा वास असतो. मंडळांपुढं वाजून आलेले स्पीकरचे कोन, ड्रायव्हर (म्हणजे स्पीकरमधला आवाज काढणारा भाग), अॅम्प्लिफायर यांचा ढीग लागलेला असतो. त्या गडबडीत एक जण घरचे स्पीकर घेऊन आला. ओळखीचा माणूस, वीस वर्षं डॉल्बीच्या धंद्यात. सोबत कॉलेजात शिकणारी मुलगी.

"काका, दोन्हीचे ट्वीटर गेलेत बघा. बदलून द्या, पण ओरिजिनलच."

ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला वरचे, बारीक सूर काढणारा छोटा ड्रायव्हर. खोकं उघडलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आत एलएस ३/५ए ची जोडी होती. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला हा मॉनिटर, म्हणजे आवाज पारखायचा स्पीकर. जागा अपुरी, पण निवेदकाचा आवाज जसाच्या तसा कळला पाहिजे, अशी त्यांची गरज. म्हणून बुटाच्या खोक्याएवढी पेटी, आत केईएफ कंपनीचे दोन ड्रायव्हर, ट्वीटरभोवती जाड नमद्याच्या पट्ट्या आणि त्याच्यावर बारीक भोकांची जाळी. या पेटीतून दणका निघत नाही. गायकानं श्वास घेतला, तबल्यावर बोट घासलं, ते मात्र लपत नाही. मुद्रणात खोट असेल तर तीही लपत नाही. दिवसरात्र भिंतीएवढ्या सिस्टीमपाशी उभं राहणाऱ्या माणसानं पुण्यातल्या एका जुन्या शौकिनाकडून हे स्पीकर हौसेनं घेतले, याचं मला फार बरं वाटलं.

पेटी खोलून मीटर लावला. दोन्ही ट्वीटरच्या कॉइल शाबूत. क्रॉसओव्हरचे, म्हणजे वरचे-खालचे सूर दोन ड्रायव्हरना वाटून देणाऱ्या सर्किटचे, कपॅसिटर तपासले, ठीक. मग मायक्रोफोन समोर ठेवून स्वीप चालवला, म्हणजे खालच्या सुरापासून अगदी वरच्यापर्यंत सरकत जाणारा आवाज. पडद्यावर आलेली रेघ या वयाच्या स्पीकरला शोभेल अशीच होती. वर कुठंही कोसळलेली नव्हती.

"ट्वीटर वाजतोय रे," मी म्हटलं.

"वाजत न्हाई काका. घरात ट्रेबल फुल्ल ठेवतो, तरी वरचं काय येतच न्हाई."

मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "पप्पा गाणी लावतात तेव्हा मी आणि मम्मी आतल्या खोलीत जातो, काका. कानात टोचतं ते."

तिथंच मला कळलं. पण असं कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं? अॅम्प्लिफायरचे ट्रेबल आणि बास, म्हणजे वरच्या आणि खालच्या सुरांचे, दोन्ही टोन कंट्रोल मध्यावर आणले आणि किशोरीताई आमोणकरांचं एक ध्वनिमुद्रण बेताच्या आवाजात लावलं. सुरुवातीला नुसता तानपुरा आणि स्वरमंडळ. स्वरमंडळाच्या तारांवरून बोट फिरलं की वर एक चकाकी उठते. मुलीचा चेहरा उजळला. तो माझ्याकडं बघत राहिला. "तानपुरा ऐकू येतोय की," तो म्हणाला. स्वरमंडळाचं नावच त्यानं काढलं नाही.

मग दोघांना शेजारीशेजारी उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि ऐकू आलं की हात वर करा म्हणून सांगितलं. अशा वेळी मी सरळ सूर न लावता थरथरता लावतो, नाहीतर भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळं एखाद्या जागी तो बुडतो. १००० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला १००० कंपनं; आकडा मोठा तितका सूर बारीक) दोघांचे हात वर. २००० ला दोघांचे. ४००० ला मुलीचा एकटीचा. आवाज थोडा वाढवला, तरी तिचाच. ६००० ला तसंच. तिनं डोळे उघडून शेजारी पाहिलं. बापाचा हात मांडीला टेकलेला होता आणि तो आपला एकाग्रतेनं पुढच्या आवाजाची वाट बघत होता. तिनं हळूच आपला हात खाली घेतला.

माझं काम स्पीकर तपासण्याचं, कान तपासण्याचं नव्हे. मी त्याला राजारामपुरीतल्या ऑडिओलॉजिस्टकडं, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्याकडं, पाठवलं. दोन दिवसांनी तो ऐकण्याचा आलेख घेऊन आला. २००० पर्यंत रेघ बरी, ४००० वर खोल खड्डा, ८००० ला पुन्हा थोडी वर. दोन्ही कानांत तेच. मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची ही खूणच. कानाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवते आणि त्याच्या जरा वरच्या पट्टीचं नुकसान आधी होतं. आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. "शब्दातला स, श, फ पहिला जातो," मी म्हटलं. तो म्हणाला, "म्हणून गिऱ्हाईक साठ म्हणतंय आणि मला आठ ऐकू येतंय व्हय?"

मला सगळ्यात जास्त टोचली ती दुसरीच गोष्ट. मिरवणुकीच्या रात्री मिक्सरवर तोच असतो. मिरजकर तिकटीला संध्याकाळी बरोबर बसवलेला ट्रेबल महाद्वार रोडवर येईतो त्याला कमी वाटू लागतो, कारण तासा-दोन तासांत कान तात्पुरता बधिर झालेला असतो. तो नॉब वाढवतो. कान आणखी बधिर होतो, नॉब आणखी वर जातो. पापाच्या तिकटीला खांद्यावर बसलेल्या लेकराच्या कानात काय शिरत असेल, हे त्याला कळायला मार्गच उरत नाही. बिघडलेल्या मीटरवर विसंबून मी एक अॅम्प्लिफायर दुरुस्त करणार नाही, आणि इथं अख्खा रस्ता एका थकलेल्या कानाच्या भरवशावर असतो.

हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी धरलेली मर्यादा. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त १५ मिनिटं. सिस्टीमसमोर आवाज १००च्या बराच वर असतो. हलगी-घुमकं-कैताळ माझ्या जिवाचं, पण ताशा किंवा हलगी कानाशी वाजली तर तीही याच हिशेबात येते. कापसाचा बोळा घालून काही होत नाही, त्यानं जेमतेम पाच-सात डेसिबल अडतात.

"कान बंद करून मिक्सिंग कसं करू?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. फोमचे प्लग वरच्या पट्ट्या जास्त खातात, त्यामुळं सगळं गुदमरल्यासारखं ऐकू येतं. वादकांसाठी वेगळे प्लग मिळतात. त्यात छोटा फिल्टर असतो, तो सगळ्याच पट्ट्या साधारण १५ डेसिबलनं सारख्या उतरवतो. त्यामुळं संगीत तेच राहतं, फक्त लांब जातं. मिक्सरवर तेच घालायचे. ट्रकवरच्या आणि जनरेटरपाशी थांबणाऱ्या पोरांना मात्र फोमचेच बरे, वर इअरमफ चढवला तर आणखी पाचेक डेसिबल मिळतात.

त्या जोडीचा ट्रेबल वाढवून द्या, असा आग्रह त्यानं धरला. मी दिला नाही. त्या घरात चांगले कानही आहेत, त्यांच्यासाठी ते स्पीकर आहेत तसेच राहिले पाहिजेत. त्याच्या कानांची भरपाई श्रवणयंत्र घेऊन त्यातच व्हावी. आता यंत्रात संगीतासाठी वेगळी सेटिंग असते, तीही करून घे म्हटलं. टोन कंट्रोल मध्यावर ठेवायची जबाबदारी मुलीनं घेतली. मोबाइलवर आवाजाचा मीटर लावून खुर्चीपाशी ७५ डेसिबलच्या वर जायचं नाही, हेही तिनंच ठरवलं. बापानं हो म्हटलं, जरा वेळ घेऊन.

यंदा गणपतीच्या आधी तो आपली पोरं घेऊन दुकानात आला. प्लग कसा घालायचा ते दाखवा म्हणाला. एकानं तो अर्धाच कोंबला होता. असा घातलेला प्लग नुसता दाखवायला. मी काढून पुन्हा दिला. बोटांत पिळून बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर-मागं ओढ, आत सरकव आणि फुगेस्तोवर बोटानं दाबून धर, अर्धा मिनिट तरी.

"आता बोल काहीतरी."

"काका, माझाच आवाज डोक्यात घुमतोय. तुमचा ह्या बाजूनं लांबनं येतोय."

"मग बसला बरोबर. आता दुसरा घाल, आणि ह्यालाही दाखव."