सात हजार ब्रास मुरूम

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या एका निवासी प्रकल्पाची फाइल तपासणीसाठी समोर आली. 'पूरधोका : शमन उपाय' या मथळ्याखाली दोन रबरी बोटी, चार पाणउपसा पंप, छतावर सौर पॅनेल आणि दोनशे झाडं एवढंच होतं. यातलं काहीच वाईट नाही. पण पुराचं शमन यातल्या एकानंही होत नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात शमनाची व्याख्या आहे : आपत्तीचा धोका, आघात किंवा परिणाम कमी करण्यासाठी केलेले उपाय. पूर्वतयारी आणि प्रतिसाद त्याच कायद्यात वेगळे मोजले आहेत, आणि बोटी-पंप तिकडचे. सौर पॅनेल हवामानबदलाच्या अर्थानं शमन, कारण त्यानं उत्सर्जन घटतं. पुरापासून वाचण्याला त्या क्षेत्रात अनुकूलन म्हणतात. पर्यावरण आघाताच्या कामात क्रम असतो : आधी नुकसान टाळा, मग कमी करा, मग पूर्ववत करा, आणि उरलंच तर भरपाई द्या. झाडं म्हणजे शेवटची पायरी. पहिल्या तिन्हींबद्दल फाइलीत एक ओळ नव्हती.

म्हणून जागेवर गेलो. साधारण 8,000 चौरस मीटरचा प्लॉट, निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधला. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. या पट्ट्यात बांधकामाला वाव आहे, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं.

पहिली चूक आकड्यातच सापडली. सल्लागारानं राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी धरून जोतं काढलं होतं. ते बंधाऱ्याच्या पट्टीवरचं वाचन आहे, या जमिनीची उंची नव्हे. शिवाय बंधारा कसबा बावड्याला, या प्लॉटच्या खालच्या अंगाला. पुरात नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे वरच्या अंगाला त्याच वेळी पातळी जास्त असते. पूररेषेच्या नकाशावरून त्याच ठिकाणच्या आडव्या छेदाची (नदी काठापासून काठापर्यंत आडवी कापून काढलेल्या आकृतीची) लाल पातळी घ्यायची आणि बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून, ऑटो लेव्हल या उंची मोजायच्या दुर्बिणीनं प्लॉटवर आणायची, हीच रीत. शिवाय 43 धरून चालणार तरी कसं? बंधाऱ्यावर 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या.

ती 2021 ची खूण शेजारच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर अजून दिसते. ऊस बघायला आलेल्या मालकानं ती दाखवली आणि म्हणाले, "सायेब, पाणी जागा बघतंय बगा. हितं भर टाकली तर ते माझ्या उसात येणार की."

मुद्दा तिथेच होता. नकाशात जोतं उचलण्यासाठी सगळ्या प्लॉटवर सरासरी 2.5 मीटर भराव होता. 8,000 गुणिले 2.5, म्हणजे 20,000 घनमीटर. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, तेवढ्यानं भागलं की सात हजार ब्रासहून जास्त मुरूम. पूर तेवढ्या जागेत उतरत होता. ती जागा गेली की पाणी शेजाऱ्याकडे सरकतं, वाट अरुंद झाल्यानं वरच्या अंगाला थोडं चढतंही. एका प्लॉटला 'फक्त चार बोटं' वाढ दिसते, म्हणून भराव मंजूर होत जातात. काठावरच्या सगळ्या भरावांची बेरीज मात्र कुणी करत नाही. वर मुरमासाठी कुठला तरी डोंगर खणला जातो, तो हिशेब वेगळाच.

जोत्याची अट खांबांवरही पुरी होते. तळमजला मोकळा, भिंती नाहीत, कुंपण जाळीचं, फरशी मूळ जमिनीच्या पातळीलाच. मीटर बोर्ड, जनरेटर, लिफ्टचं पॅनेल पहिल्या मजल्यावर. जमिनीखालच्या टाकीचं तोंड लाल पातळीच्या वर. सांडपाण्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, कारण नदी काठ ओलांडायच्या आधीच नाल्यातनं पाणी उलटं फिरतं आणि घाण मोरीतून वर येते. व्हॉल्व्हच्या झडपेत प्लास्टिक अडकलं की ती मिटत नाही, म्हणून मेच्या अखेरीस ती उघडून साफ करायला हवी.

खांबांची योजना बिघडते ती नंतर. तीन-चार वर्षांत खाली गाळे, गोदामं उभी राहतात आणि खांबांमधल्या भिंती भरावाचंच काम करतात. म्हणून मोकळा तळमजला ही अट नुसत्या बांधकाम परवान्यात ठेवून भागत नाही. भोगवटा प्रमाणपत्रात आणि सदनिकांच्या करारातही हवी.

फाइल परत गेली. शेऱ्यात लिहिलं : भराव शून्य, जोत्याची पातळी स्थानिक आडव्या छेदावरून, बोटी-पंप 'पूर्वतयारी' या मथळ्याखाली, आणि नव्या छेदात शेजारचं उसाचं रान दाखवावं, प्रकल्पाआधीच्या आणि नंतरच्या पाणीपातळीसह.